पंधरा थाऊ

फोर्ड ८एन ट्रॅक्टरचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, इंजिनाच्या नाकावर बसतो. रेडिएटर आणि पंखा यांच्यामागे, जिथे हात जातो पण हाताला वळता येत नाही अशा सांदीत. १९४७ ते १९५२ या काळात अमेरिकेत हे ट्रॅक्टर पाच लाखांहून जास्त बनले. वरून फिकट राखाडी, पोटाला लाल. त्यांतले पुष्कळ आजही गवत कापतात, बर्फ लोटतात. १९५० साली कंपनीने डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या कुशीला हलवला आणि मिस्त्रींचा दुवा घेतला; पण तोवर अडीच लाखांहून अधिक ट्रॅक्टर नाकावरचा डिस्ट्रिब्युटर घेऊन शेतांवर गेले होते. स्टार्टर जोमात फिरतो आणि इंजिन मात्र पेटत नाही, अशा सकाळी त्यांच्या मालकांना त्या सांदीत डोकवावेच लागते.

मराठी शेतकऱ्याला ट्रॅक्टर आणि ठिणगी ही जोडी परकी वाटेल. इथला ट्रॅक्टर डिझेलचा. डिझेल दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेटते. प्लग नाही, कॉइल नाही, पॉइंट नाहीत. पेट्रोलवर चालणाऱ्या ८एनचे भाऊबंद इथे शोधायचे तर जुन्या जीपमध्ये, अँबॅसिडरमध्ये. तिथला मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतो. डेल्को ही ओहायोतल्या डेटन गावची कंपनी. तिचा एक संस्थापक चार्ल्स केटरिंग याने बॅटरीवर चालणारी इग्निशन तयार केली आणि १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती बसली. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे कंपनीचे नाव वस्तूला चिकटले, आणि कंपनी कुठली हे कुणाच्या लक्षात राहिले नाही.

तपासणीची सुरुवात ठिणगीपासून करावी. प्लगची वायर काढून तिचे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाव इंचावर धरायचे आणि स्टार्टर फिरवायचा. निळसर, टचटच आवाज करणारी ठिणगी ते अंतर ओलांडत असेल तर दोष बहुधा दुसरीकडे आहे. पेट्रोलचा कॉक आणि कार्ब्युरेटर पाहावा. पिवळट, मरतुकडी ठिणगी म्हणजे ठिणगी नव्हेच. उघड्या हवेत ती कशीबशी दिसते, सिलिंडरमधल्या दाबात विझून जाते. प्लगवर ठिणगी ‘दिसली’ एवढ्यावर समाधान मानून कार्ब्युरेटर खोलणारे फार, आणि त्यांची अख्खी दुपार त्यात जाते.

बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचे धन टोक सांगाड्याला जोडलेले. आजच्या गाड्यांच्या नेमके उलट, म्हणून नवा मालक हमखास उलटी जोडतो. तेवढेच काम करायला सहा व्होल्टला बारापेक्षा दुप्पट करंट लागतो, तेव्हा केबलही तशाच जाड हव्यात. दुकानात मिळणाऱ्या बारा व्होल्टच्या बारीक केबल लावायच्या आणि मग सहा व्होल्टला नावे ठेवायची, ही जुनी रीत आहे. पुष्कळांनी वैतागून ट्रॅक्टर बारा व्होल्टवर नेले. गंजके अर्थिंग घासून चकचकीत केले असते तर त्यातल्या बऱ्याच जणांचा तो खर्च वाचला असता.

पुढे मीटर घेऊन कॉइलच्या माथ्यावरचे व्होल्ट मोजावेत. चावी चालू आणि पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टिकल्या, मिटलेले असताना तिथे सहाच्या निम्म्याच्या आसपास आकडा दिसतो. बाकीचे व्होल्ट डॅशबोर्डामागचा रेझिस्टर खातो. पॉइंट उघडले की पुरे सहा. काहीच न दिसल्यास चावी, रेझिस्टर किंवा वायर तुटलेली. कायम सहाच दिसले तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही त्यांच्यातून करंट जात नाही. आणि पॉइंट उघडूनही आकडा निम्म्यावरच अडून राहिला तर आत कुठेतरी वायर किंवा पट्टी अंगाला टेकून शॉर्ट झाली आहे. चार ओळींत मावणारी ही परीक्षा वाचून निम्मे लोक पुढे जातात आणि सगळे भाग नवे विकत आणतात.

पॉइंटच्या या दोन टिकल्या टंगस्टनच्या. कॅमच्या उंचवट्यावर त्या पुरत्या उघडतात तेव्हा त्यांच्यातले अंतर पंधरा थाऊ असावे, म्हणजे ०.०१५ इंच, ०.३८ मिलिमीटर. कुशीवरच्या डिस्ट्रिब्युटरला पंचवीस थाऊ लागतात, आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावण्याची चूक सर्रास होते. ट्रॅक्टर वर्षभर गोठ्यात उभा राहिला की टिकल्यांवर बुरशीसारखा पापुद्रा धरतो. नव्या पॉइंटवरही गंज धरू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला असतो. दोन्हींवर उपाय एकच : मेण नसलेला कोरा जाड कागद टिकल्यांमध्ये धरून ओढावा, काळी रेघ उठायची थांबेपर्यंत.

टिकल्या एकमेकींना भिडल्या की ठिणगी पडते, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात ती पडते टिकल्या सुटताना. हे कॉइलमध्ये हाताशी आले ते १८३६ साली, आयर्लंडमधल्या मेनूथच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात. निकोलस कॅलन हा तिथला पाद्री, शिकवायचा पदार्थविज्ञान. लोखंडाच्या दांड्यावर त्याने जाड तारेचे थोडे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे घेतले. जाड तारेतून बॅटरीचा करंट वाहत असेपर्यंत बारीक तार स्वस्थ. करंट तोडला त्या क्षणी ती बारीक तार हिसका देई, आणि तोडणे जितके झटक्यात तितका हिसका मोठा. मग त्याने घड्याळाची यंत्रणा कामाला लावली आणि सेकंदाला वीस वेळा करंट तोडला. हिसका मोजायला मीटर नव्हते, विद्यार्थी होते. पुढे डब्लिनचा आर्चबिशप झालेला विल्यम वॉल्श अशाच एका प्रयोगात बेशुद्ध पडला, असे सांगतात. धर्मशास्त्र शिकायला आलेल्या पोरांना वर्गात हा प्रसाद मिळे. नाव मात्र पॅरिसच्या हाइनरिश रूमकोर्फ या यंत्रकाराचे झाले. अशा कॉइलींबद्दल १८६४ साली त्याला तिसऱ्या नेपोलियनने ठेवलेले पन्नास हजार फ्रँकांचे बक्षीस मिळाले. त्याच वर्षी जानेवारीत कॅलन वारला होता.

पण तोडणेही सोपे नव्हते. टिकल्या सुटताना करंट मधल्या फटीतूनच उडी मारू पाहतो. तिथे ज्योत उठते, टिकल्या जळतात आणि तोडणे अर्धवट राहते. प्रकाशाचा वेग पृथ्वीवरच मोजणारा फिझो १८५३ साली यावर तोडगा घेऊन आला : फटीला समांतर एक कंडेन्सर जोडावा. उडी मारायला निघालेला करंट आधी तो भरण्यात गुंततो, तेवढ्यात टिकल्या पुरेशा लांब गेलेल्या असतात. ८एनच्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटात बोटाच्या पेराएवढी डबी आहे ती हीच. एका टिकलीवर खड्डा आणि दुसरीवर टेंगूळ दिसले तर कंडेन्सर चुकीचा किंवा मेलेला समजावा. कॅलनच्या घड्याळाने सेकंदाला वीस वेळा केले ते हा ट्रॅक्टर मिनिटाला २,००० फेऱ्यांना सहासष्टपेक्षा जास्त वेळा करतो, आणि शेतात कोणी बेशुद्ध पडत नाही.

गार असताना झकास चालणारे इंजिन अर्ध्या-पाऊण तासाने मरते आणि थंड झाले की निमूट सुरू होते, तेव्हा संशय चौकोनी कॉइलवर घ्यावा, त्यानंतर कंडेन्सरवर. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून आतले डांबर बाहेर ओघळते. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात दमट हवेचे दव धरते; ते कोरड्या फडक्याने पुसावे. आतल्या भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढल्यासारखी काळी वाट दिसली तर ती पुसून जात नाही, झाकणच बदलावे. प्लगचा गॅप पंचवीस थाऊ. प्लगबद्दल याहून जास्त बोलण्यासारखे नाही.

हे सगळे सांदीत वाकून करणे मूर्खपणाचे. दोन बोल्ट काढले की डिस्ट्रिब्युटर हातात येतो. तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, उजेडात, चहा शेजारी ठेवून दुरुस्त करावा. परत बसवताना लक्षात ठेवायचे ते एवढेच की त्याच्या मागची जीभ मधोमध नाही, किंचित एका बाजूला आहे. कॅमशाफ्टच्या खाचेत ती एकाच रीतीने बसते. हाताने फिरवत दाबले की ती आपणहून आत जाते. बोल्ट आवळून ओढून घेतले तर डिस्ट्रिब्युटरचा कान तुटतो. वायरींचा क्रम १-२-४-३. मग चावी, आणि गिअरच्या दांड्याजवळचे स्टार्टरचे बटण. गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर तेही काम करत नाही.