सहा वह्या आणि एक पेपर

गेले पाच शनिवार-रविवार माझे भिवंडीत गेले. ठाण्याहून बाळकुम, कशेळीचा पूल, पुढे गोदामांची रांग, कंटेनरच्या मागे पाऊण तास, की आलं कल्याण नाका. तिथून आत गल्लीत ताईचा दवाखाना. ताई म्हणजे माझी चुलत बहीण. वीसेक वर्षं तिथे प्रॅक्टिस करते. भिवंडीत बसून फी किती घ्यायची आणि किती सोडून द्यायची याचं तिचं स्वतःचं एक गणित आहे, त्यात मी पडत नाही.

एका रात्री तिचा फोन आला. "अरे, तुला ते एक्सेल वगैरे येतं ना? मला एक पेपर लिहायचाय. जर्नलला पाठवायचाय." म्हटलं, येतं की. वीस वर्षं दुसरं केलंय काय! एका दुपारचं काम असेल असं वाटलं. माझे सगळेच अंदाज असे असतात, हे माझ्या मॅनेजरला विचारा.

पोचलो तर टेबलावर सहा वह्या. लाल पुठ्ठ्याच्या, लांबट, किराणा दुकानात उधारीच्या असतात तशा. गावात माग चालवणारी माणसं खोकला, ताप, पाठदुखी घेऊन तिच्याकडे येतात. बोलताना ती दोनदा-तीनदा "हाँ? क्या?" करतात, हे तिच्या लक्षात आलं. म्हणून तिने एक जुना ऑडिओमीटर विकत घेतला आणि येईल त्याचे कान तपासून वहीत लिहायला लागली. सहा वर्षं!

पॉवरलूमच्या कारखान्यात जे कधी गेले नसतील त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली दाटीवाटीने माग लावलेले. धोटा या टोकाकडून त्या टोकाला मारला जातो, तिकडून परत. लाकडावर लोखंड, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि असे वीस-चाळीस माग एकाच खोलीत. एक माणूस चार, सहा, कधी आठ माग बघतो. पाळी बारा तासांची. पगार मीटरवर. आत गेल्यावर पहिल्या मिनिटाला आपण ओरडतो, दुसऱ्या मिनिटाला गप्प बसतो आणि तिसऱ्या मिनिटाला हातवारे करायला लागतो. इंग्लंडात लँकेशरच्या गिरण्यांमधल्या बायका ओठांच्या हालचालींवर अख्ख्या गप्पा मारायच्या, त्या बोलीला 'मी-मॉ' असं नावही होतं. भिवंडीच्या खुणांना नाव नाही, पण त्या आहेत. दोरा तुटला, बीम संपला, मेहता आला, चहा आला, सगळ्याला वेगळी खूण.

या आवाजाने कान जातात हे काही नवीन नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच तांबटांच्या बहिरेपणाबद्दल लिहून ठेवलंय. पण कान एकदम जात नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. स, श, फ गळून पडतात. त्याला वाटतं समोरचाच पुटपुटतोय. घरी टीव्ही मोठा होतो, बायको चिडते. वहीतल्या शेऱ्यांच्या रकान्यात ताईने हेसुद्धा लिहून ठेवलंय. "घरवाली म्हणते ऐकत नाही." दहा-बारा ठिकाणी!

तर पहिला शनिवार-रविवार नुसता टाइप करण्यात गेला. मी वाचायचो, ताई दुरुस्त करायची, कारण तिचं अक्षर. दुसऱ्या आठवड्यात डेटा साफ करायला घेतला आणि माझी झोप उडाली.

एक म्हणजे नावं. एकच माणूस तीन वेळा आलेला आणि तीन स्पेलिंगांनी लिहिलेला. अर्धी वही अन्सारी, उरलेल्यात तेलुगू आडनावं, ती ताईच्या कानाला जशी ऐकू आली तशी. दोन शब्दांत किती अक्षरांचा फरक आहे हे मोजायची लेव्हेनश्टाइनची पद्धत आम्ही प्रोग्रामर लोक स्पेलिंग तपासायला वापरतो, ती इथे लावली आणि वरून एकेक जोडी ताईला विचारली. "हा तोच, भिशीत जेवतो तो. हा नाही, हा त्याचा भाऊ." संगणकाला हे कुठून कळणार?

दुसरं म्हणजे वय. आलेख काढला तर ३०, ३५, ४०, ४५ ला उंच मनोरे आणि मधे सपाट मैदान. कोणाचंच वय ३७ नाही! जनगणनावाल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे, त्यासाठी व्हिपलचा निर्देशांक म्हणून एक आकडाच आहे. शंभर आला तर लोक वय नीट सांगतात, पाचशे आला तर सगळे शून्य आणि पाचच सांगतात. आमचा किती आला ते सांगत नाही, लाज वाटते. पण म्हणून वयाचे गट दहा-दहा वर्षांचेच केले.

तिसरी गोष्ट मात्र मोठी होती, आणि ती माझ्यामुळे निघाली. दवाखान्यात बसल्या बसल्या मला सारखी खटखट ऐकू येत होती. भिंतीपलीकडे कारखाना. म्हटलं, "ताई, तू कान तपासतेस ते या आवाजात?" ती थांबली. ऑडिओमीटरची तपासणी शांत खोलीत करायची असते, नाहीतर रुग्णाला बारीक आवाज ऐकू न येण्याचं कारण त्याचा कान की शेजारचा माग, हे सांगता येत नाही. शिवाय बारा तासांची पाळी करून थेट आलेल्याचा कान तात्पुरता बधिर असतो. अमेरिकेतल्या नियमात मूळ तपासणीआधी चौदा तास गोंगाटापासून लांब ठेवा असं म्हटलंय. ताई काही बोलली नाही. मग म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी घेतलेल्या चालतील. त्या दिवशी कारखाने बंद असतात."

वहीत वार नव्हता, पण तारीख होती. तारखेवरून वार काढणं ही एका ओळीची गोष्ट. एंटर दाबलं आणि जवळजवळ निम्म्या नोंदी गेल्या. तीन वर्षांचं काम, एका सेकंदात. मला वाटलं ताई चिडेल. तिने चहा मागवला.

मधल्या एका रविवारी डेसिबलवरून आमचं भांडण झालं. ताईने चार कारखान्यांत मोबाइलमधल्या ॲपने आवाज मोजला होता आणि सगळ्यांची सरासरी काढली होती, बेरीज भागिले चार. डेसिबल असे मिळवता येत नाहीत. ती लॉगची पट्टी आहे. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते. ९० आणि १०० ची सरासरी ९५ नाही, ९७.४ येते. "अडीचचा तर फरक आहे," ताई म्हणाली. म्हटलं, पण तीन वाढले की ऊर्जा दुप्पट होते. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांना ९० ची मर्यादा होती, अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ सांगते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायला लावते. बारा तासांच्या पाळीचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच दहा कामगारांपासून सुरू होत होती. एकाच छपराखाली चार भावांच्या नावाने चार कारखाने का असतात, हे मला त्या दिवशी समजलं.

असो. हे सगळं निस्तरलं आणि जर्नलच्या सूचना उघडल्या. संदर्भ व्हँकुव्हर पद्धतीने, म्हणजे मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे (१९७८ साली काही संपादक व्हँकुव्हरला जमले होते, तेव्हापासूनचं हे लफडं). अडीचशे शब्दांचा सारांश. सोबत 'स्ट्रोब'ची यादी; निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात काय काय सांगितलंच पाहिजे याचे बावीस मुद्दे, २००७ चे. मला ही यादी मनापासून आवडली. आमच्याकडे कोड रिव्ह्यूला अशी यादी असती तर निम्म्या रात्री वाचल्या असत्या. आणि खाली एक रकाना: नीतिशास्त्र समितीची मंजुरी, क्रमांक आणि तारीख.

ताईकडे मंजुरी नव्हती. घेतलीच नव्हती. ती एकटी डॉक्टर, तिला कोण सांगणार की वहीत लिहिणं वेगळं आणि संशोधन वेगळं? दवाखान्यातली तपासणी उपचाराचा भाग होती. पण ती आमच्या चाचांना घेऊन कारखान्यांत गेली होती, मालकाला न विचारता आवाज मोजला होता आणि माग चालवणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. किती तास काम, कानात कापूस घालता का, का नाही. पेपरमधला सगळ्यात जिवंत भाग तो. एकाने सांगितलं होतं की कानात बोळा घातला तर मागाची चाल बिघडल्याचं ऐकू येत नाही, माल खराब होतो आणि पैसे कापतात. कानपट्ट्या वाटून प्रश्न का सुटत नाही हे यापेक्षा नीट कोण सांगेल?

समितीची मंजुरी अभ्यासाच्या आधी घ्यायची असते. मागाहून मिळत नाही.

इथे एक सद्गृहस्थ आले. मोठ्या पदावरचे डॉक्टर, नाव-गाव काही लिहीत नाही. त्यांनी फोनवर सांगितलं, मॅडम काळजी करू नका, आमच्याकडे दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचं पत्र होऊन जाईल. फक्त लेखकांत माझं नाव पहिलं, आणि आमच्या एका विद्यार्थ्याचं दुसरं, त्याला पदवीसाठी लागतंय. ताईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुला काय वाटतं?"

खरं सांगतो, मला वाटलं होकार द्यावा. पाच आठवडे घातले होते. त्या बोळ्याच्या वाक्यासाठी तरी द्यावा असं वाटलं. मी तसं म्हणालोसुद्धा. ताई म्हणाली, "अरे, मी अर्धी वही खोटी असू शकते म्हणून काढून टाकली. आणि आता तारीख खोटी लावू?" मग वह्या परत कपाटात ठेवायला उठली, म्हणजे विषय संपला.

दोन दिवस मी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. त्यात एक वाट आहे. आधीच नोंदलेली, ओळख पुसलेली माहिती वापरायची असेल तर समिती तिचा विचार करू शकते आणि प्रत्येकाची संमती घेण्यातून सूटही देऊ शकते. स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे रीतसर करार करून जाता येतं. म्हणजे दवाखान्याच्या नोंदींवर अर्ज करता येत होता. मुलाखती आणि कारखान्यातला आवाज मात्र बाहेर. बोळ्याचं वाक्य गेलं. (इथे लिहिलंय ते कोणाचं हे कुणालाच कळणार नाही, म्हणून लिहिलंय.)

अर्ज केला, वाट बघितली, मंजुरी आली. या मधल्या काळात ताईच्या मेलबॉक्सवर भलत्याच जर्नलांचा पाऊस पडला. "आदरणीय प्रोफेसर, आपल्या थोर कार्याने आम्ही भारावून गेलो आहोत", पाच दिवसांत छापून देऊ, एवढे डॉलर पाठवा. ताईला प्रोफेसर म्हणणारे तेच पहिले. अशा पत्रांची तिला भुरळ पडत नाही असं नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या नवजात बाळांवरचा पेपर १९९९ साली लॅन्सेटमध्ये आला. ३९ गावांत घरोघरी काळजी घेतली आणि तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. ताईने तो पेपर छापून भिंतीवर लावलाय. पण ते एक संस्था उभारून बसले होते, गावोगावच्या आरोग्यदूत शिकवून तयार केल्या होत्या. ही सहा वह्या घेऊन बसलीय. गडचिरोलीचा पेपर भिंतीवर असेल तर पाच दिवसांत छापणाऱ्याला पैसे द्यायला लाज वाटते, एवढाच त्याचा उपयोग.

शेवटचा रविवार किरकोळ कामांचा. परीक्षकाला लेखक कळू नये म्हणून नावांचं पान वेगळ्या फाइलमध्ये. मी वर्ड फाइलचे गुणधर्म उघडले तर तिथे ताईचं नाव आणि वर माझ्या कंपनीचं! ते पुसलं. "आमच्या भिवंडीतल्या दवाखान्यात" हे "एका यंत्रमाग शहरातील दवाखान्यात" केलं. वाचून आम्हीच हसलो. महाराष्ट्रात अशी शहरं किती? मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर... असो बापडे.

मग लेखकांची नावं. मी स्वतःला वगळलं, आभारात टाक म्हटलं. चाचांवर अडलं. चाचा ताईचे कंपाउंडर, त्याआधी बावीस वर्षं माग चालवला. सहाही वह्यांत निम्म्याहून जास्त नोंदी त्यांच्या हातच्या. लेखक व्हायला मसुदा वाचून त्यावर मत द्यावं लागतं, शेवटच्या प्रतीला होकार द्यावा लागतो. पेपर इंग्रजीत. ताईने पूर्ण पेपर त्यांना हिंदीत वाचून दाखवला. दोन तास, मोठ्या आवाजात, कारण चाचांचे कान तसलेच. मधे त्यांनी थांबवलं. "मैडम, ये जो आपने लिखा है, बीस साल काम किया. बीस नहीं. बीच में गाँव जाते हैं, चार महीना, छे महीना. वो काटो." कामाची वर्षं मोजताना गावी गेलेले महिने आम्ही धरलेच नव्हते. सहा वह्या, पाच शनिवार-रविवार, बावीस मुद्द्यांची यादी, आणि हे कुणालाच सुचलं नव्हतं. आता ते काटता येत नव्हतं, माहितीच नव्हती. अभ्यासाच्या मर्यादांमध्ये एक परिच्छेद वाढला आणि लेखकांमध्ये दुसरं नाव.

रात्री साडेदहाला सबमिट दाबलं. क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेल: आकृती दोनचं रिझोल्यूशन कमी आहे, पुन्हा पाठवा. पाठवली.

काल ताईचा फोन होता. सातवी वही घेतलीय. नव्या अर्जाचं काम चालू आहे, या वेळी कारखान्यांतल्या मुलाखतींसाठी, आधी. संमतीपत्र हिंदी, उर्दू आणि तेलुगूत करायचंय. तेलुगू टाइप करता येतं का, असं विचारत होती. म्हटलं, एका दुपारचं काम आहे.