माप तेच

बँकेत पस्तीस वर्षे कर्जखात्यांची कागदपत्रे तपासण्यात गेली. समोरच्या माणसाने कितीही सुबक छायांकित प्रत पुढे केली, तरी माझ्या तोंडून पहिले वाक्य निघे, ‘‘मूळ प्रत दाखवा.’’ निवृत्तीनंतर खुर्ची गेली, पण सवय गेली नाही. त्या सवयीने दोन वर्षांपूर्वी मला केवढ्या संकटाच्या काठावर नेऊन उभे केले, ते आज मोकळेपणाने सांगावेसे वाटते. कारण आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या जुन्या वाड्यात किंवा वखारीत अशी एखादी गाडी झाकून ठेवलेली असेल, याची मला खात्री आहे.

आमचे घर सांगलीचे, पेढी हळदीची. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९७१ साली फियाट ११०० डिलाइट घेतली. त्या काळी मोटार विकत घेणे म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणे नव्हे. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. अण्णांचा क्रमांक लागला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. फिकट राखाडी रंग, मागच्या बाजूला माशाच्या पंखासारखे किंचित उचललेले दोन कंगोरे, स्टिअरिंगच्या दांड्यावरच गिअर आणि पुढे सलग बाकासारखी बैठक. १०८९ सी.सी.चे इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आजच्या हिशेबाने साधीसुधी गाडी. पण आमच्या गल्लीत ती आली त्या दिवशी अण्णांनी पेढीवर पेढे वाटले होते.

ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार होत असे. या कंपनीचे संस्थापक शेठ वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे, आपल्याच समाजातले. १९४४ साली त्यांनी ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून पहिली मोटार बाहेर पडली. इटलीच्या फियाटच्या परवान्याने बनणारी डिलाइट १९६४ पासून मिळू लागली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सर्वांना ठाऊक असलेली पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. सांगलीत तर वालचंदशेठांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयच आहे. अण्णा त्या रस्त्याने जाताना गाडीचा वेग थोडा कमी करीत. कारण विचारले तर म्हणत, ‘‘ज्यांची गाडी, त्यांच्या दारावरून जातोय.’’

अण्णा गेले, गाडी वाड्याच्या पडवीत उभी राहिली. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी वाड्यात शिरले आणि गाडी दाराच्या मुठीपर्यंत पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर गाद्यांतून चिखल निथळत होता. पेढी सांभाळणारा माझा धाकटा भाऊ त्या दिवसांत हळदीच्या भिजलेल्या पोत्यांच्या चिंतेत होता. तो म्हणाला, ‘‘दादा, भंगारवाला न्यायला तयार आहे. जागा तरी मोकळी होईल.’’ मी भडकलो. शब्दाने शब्द वाढला. अखेरीस मी सांगितले, ‘‘माझ्या निवृत्तीच्या पैशातून दुरुस्त करीन, पेढीचा एक रुपया नको.’’ त्यानंतर बरेच महिने आमचे बोलणे कामापुरतेच उरले.

मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी दिली. त्यांच्या वडिलांनीही अण्णांची हीच गाडी हाताळली होती. इंजिन उघडले, ब्रेकच्या नळ्या नव्या केल्या, तळाचा गंजलेला पत्रा कापून बदलला. सुटे भाग शोधत मी पुण्याची नाना पेठ आणि कुर्ल्याची भंगार बाजारपेठ पालथी घातली. चाकांच्या चार क्रोम टोप्यांपैकी दोन पुरात वाहून गेल्या होत्या. त्या कुर्ल्यात एका लोखंडी ढिगाच्या तळाशी मिळाल्या. जॅक, चाकाचा पाना, प्लगचा पाना, पायाने हवा भरण्याचा पंप, इतकेच नव्हे तर हत्यारे गुंडाळून ठेवण्याची कापडी पिशवीसुद्धा मी त्या काळची मिळवली. प्रत्येक वस्तूची यादी, तारीख आणि किंमत वहीत लिहिली. भाग मूळचाच आहे ना, एवढा एकच निकष मी ठरवला होता.

मग प्रश्न आला टायरचा. या गाडीचे मूळ माप ५.२०-१४. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात सांगतो, दुसरा ते ज्या रिमवर बसते तिचा व्यास. हे टायर क्रॉसप्लाय जातीचे, म्हणजे आतल्या दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरके घातलेले. आजकालचे टायर बहुतांशी रेडियल असतात. त्यांतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली बहुधा पोलादी पट्टे असतात. दोन्हींचे वागणे वेगळे. रेडियल वळणावर रस्ता धरून ठेवते. क्रॉसप्लायच्या कडा ताठ. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली की टायर टेकल्या जागी चपटे होते आणि सकाळी पहिले काही अंतर गाडी धडधडत जाते. मिस्त्रींनी १५५/८० आर १४ हे रेडियल सुचवले. मी कागदावर हिशेब मांडला. टायरचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच भरतो, त्यामुळे वेग दाखवणारा काटा फारसा चुकणार नाही; पण रुंदी मुळापेक्षा जवळजवळ इंचभर अधिक. जागच्या जागी स्टिअरिंग जड होणार, आणि चाक कमानीत भरल्यासारखे दिसणार. मी नकार दिला.

अशात एका व्यापाऱ्याकडे त्या काळचा, मूळच्याच कंपनीचा, कधीही न वापरलेला चार टायरांचा संच असल्याचे कळले. जाऊन पाहिले. रबर काळेभोर, नक्षी अखंड, कडेवर कंपनीचे नाव ठसठशीत. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे खोटे नाही. लहानपणी अण्णा चाक बदलत असता मी तेच नाव बोटाने गिरवत असे. किंमत न घासता मी पैसे दिले. व्यापारी घराण्यात जन्मून माल उलटून न पाहता घेतला, ही माझी पहिली चूक.

मिस्त्रींनी टायर हातात घेतले, नखाने कड दाबली, आणि म्हणाले, ‘‘साहेब, हे भिंतीवर टांगा. गाडीला नको. रबर न वापरताही म्हातारं होतं.’’ मी विचारले, ‘‘भेग कुठे दिसते?’’ ते म्हणाले, ‘‘दिसत नाही, म्हणून तर भीती.’’ मी त्यांना मूळपणावर एक छोटेखानी व्याख्यान दिले. ते बिचारे गप्प बसले आणि टायर चढवून दिले. त्यांच्या गप्प बसण्याला मी संमती समजलो. ही दुसरी चूक.

२०२२ च्या हिवाळ्यात गाडी घेऊन आम्ही कुंभोजच्या बाहुबलीला निघालो. सौभाग्यवती शेजारी, मागे मुलीची सात वर्षांची मुलगी. जयसिंगपूर मागे पडले. गाडी पन्नासच्या आत होती. मागून डावीकडे आधी फटफट असा आवाज येऊ लागला. मला वाटले, उभे राहून टायर चपटे झाले असेल, आपोआप गोल होईल. पुस्तकी ज्ञान असे वेळेवर आठवते! क्षणभराने मोठा स्फोट झाला, गाडीचा मागचा भाग डावीकडे बसला आणि ती रस्त्याकडेच्या चरीकडे ओढली गेली. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर येत होता. स्टिअरिंग घट्ट धरून, ब्रेकवर एकदम पाय न देता गाडी कशी थांबली, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. चाक चरीच्या काठापासून हातभर दूर होते. नातीच्या पायाशी अण्णांच्या काळची ती हत्यारांची पिशवी येऊन पडली होती. ती रडली नाही. तिने विचारले, ‘‘आजोबा, नवीन टायर फुटतं का?’’

उतरून पाहिले. नक्षीचा अख्खा पट्टा साल निघावी तसा सुटला होता. खालचे दोरे कोरडे, रबराशी त्यांचे नातेच उरले नव्हते. हवेतील प्राणवायू आणि ओझोन वर्षानुवर्षे रबरावर काम करीत असतात. ते ताठर होत जाते, दोऱ्यांशी असलेली पकड सुटत जाते. गोदामात पडून राहिलेल्या टायरलाही यातून सूट नाही. आजच्या टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. माझ्या त्या संचावर असली खूण नव्हती आणि तारीख नसलेला कागद मी आयुष्यात कधी स्वीकारला नव्हता! मुदत टळलेल्या धनादेशावर सही खरी असते, खाते खरे असते, खात्यात शिल्लकही असते. तरी तो वटत नाही. हे मी शेकडो ग्राहकांना समजावले होते.

बातमी कळताच भाऊ पेढी बंद करून आला. तो मला काहीच बोलला नाही. संध्याकाळी घरी येऊन त्याने पेढीच्या तिजोरीतली एक छोटी लाल वही माझ्यापुढे ठेवली. अण्णांची गाडीची वही! ती पुरात गेली, असे मी धरून चाललो होतो. तिजोरी वरच्या मजल्यावर असल्यामुळे ती वाचली होती. आमचे बोलणे बंद असल्यामुळे ना मी विचारले, ना त्याने सांगितले.

वहीत पेट्रोल, तेल, ग्रीस यांच्या नोंदी पेन्सिलने केलेल्या होत्या. १९७६ च्या पानावर होते : ‘‘मागील डावा टायर बदलला. दोरा दिसू लागला होता. पहिली कंपनी मिळाली नाही. कंपनी दुसरी. माप तेच.’’ त्याखाली वेगळ्या दिवशी लिहिलेली ओळ : ‘‘पावसाळ्यापूर्वीच बदलावयास हवा होता. मुलांना घेऊन घाट उतरलो. चूक झाली.’’

मी ते पान भावाला वाचून दाखवले. तो म्हणाला, ‘‘मला पाठ आहे ते, दादा.’’ आम्ही दोघे बराच वेळ तसेच बसून राहिलो.

ज्या कंपनीच्या नावासाठी मी तिघांचा जीव टांगणीला लावला, ते नाव गाडीवर अवघी पाच वर्षे टिकले होते. अण्णांच्या लेखी मूळ होते ते माप, नाव नव्हे. सरकारी नियमही हेच सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या खासगी दुचाकी-चारचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. पुढील नोंदणीला पाच हजार. अट अशी की चासी, बांधा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. टायर जुनेच हवेत, असे तिथे कुठेही म्हटलेले नाही. मात्र या क्रमांकावर गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन अशा कारणांसाठीच रस्त्यावर काढता येते.

थोडा शोध घेतल्यावर ५.२०-१४ याच मापाचे, क्रॉसप्लाय जातीचेच, पण नव्याने तयार झालेले पाच टायर मिळाले. ट्यूबही नव्या घेतल्या. आपल्याकडे अशी गाडी असेल तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. एक, माप आणि जात मूळची राखा, वय मात्र नवे घ्या. कडेवरची तारीख वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दोन, रेडियल घ्यायचे ठरलेच तर चारही चाकांना घ्या. एकाच आसावर दोन जाती कधीही नकोत. तीन, जुन्या रिमला ट्यूबशिवाय टायर बसवू नका आणि रेडियलला रेडियलचीच ट्यूब घ्या. चार, गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर ती ठोकळ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे टायरवर भार येणार नाही. टोप्या, दिवे, हत्यारे, बैठकीचे कापड हे जुने शोधण्यात जरूर आनंद माना. ज्या वस्तूंवर घरच्यांचा जीव अवलंबून आहे, म्हणजे टायर, ब्रेकचे रबर, इंधनाची नळी, तिथे नवा माल घ्या. आमच्या गाडीला सीटबेल्ट मुळातच नव्हते. ते आता बसवले आहेत. रॅलीत परीक्षकांनी त्यासाठी गुण कापले तर कापोत.

उरलेले तीन जुने टायर मिस्त्रींच्या भिंतीवर टांगलेले आहेत. ते गिऱ्हाइकांना ते दाखवून माझी गोष्ट सांगतात, असे ऐकतो. माझी हरकत नाही.

मागच्या दिवाळीत पाडव्याला भाऊ, मी आणि नात असे तिघे पुन्हा त्याच रस्त्याने बाहुबलीला जाऊन आलो. जाताना गाडी भावाने चालवली, येताना मी. घरी आल्यावर मी लाल वही उघडली. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली बरीच पाने कोरी होती. नातीला तारीख घालायला सांगितली आणि तिच्या अक्षराखाली मी लिहिले : ‘‘पाचही टायर नवीन. कंपनी दुसरी. माप तेच.’’