चुकलेला रकाना

(बी. सी. ए., तृतीय वर्ष)

गेल्या चतुर्थीची गोष्ट. पेडणे तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात माटोळी बांधायचे काम चालले होते. काका शिडीवर चढले होते, बाबा खालून एकेक घोस वर देत होते आणि आम्ही मुले सुपाऱ्यांचे घड निवडीत बसलो होतो. वरूनच काकांनी विचारले, “काय रे, बेळगावात राहून सध्या करतोस तरी काय?”

प्रश्न साधाच होता. पण संगणकाच्या विद्यार्थ्याला परीक्षेतल्या प्रश्नापेक्षा घरच्या माणसांचा प्रश्न कठीण जातो. थोडा विचार करून मी म्हणालो, “एका वहीत वस्तूंचे प्रकार लिहून ठेवलेले असतात. दुसऱ्या वहीचे रकाने निराळे असतात. पहिल्या वहीतल्या नोंदी दुसऱ्या वहीत बरोबर उतरवायच्या, हे माझे काम.”

“म्हणजे तलाठ्याचेच काम की!” काका म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. बाबा मात्र हसले नाहीत. त्याचे कारण मला त्याच रात्री कळले. परंतु ते सांगण्यापूर्वी माझी वही कोणती आणि तिच्यात मी काय घोटाळा केला, ते सांगितले पाहिजे.

जावास्क्रिप्ट ही संगणकाची एक भाषा. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. आज संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या बहुतेक पानांमागे हीच भाषा राबत असते. मोठी मोकळ्या स्वभावाची भाषा! एका नावाखाली आज आकडा ठेवा, उद्या अक्षरे ठेवा, परवा एखादी यादी ठेवा. ती काही विचारत नाही. लहान कामाला हा स्वभाव बरा. काम मोठे झाले म्हणजे मात्र कुठल्या डब्यात साखर आणि कुठल्या डब्यात मीठ, हे चहा प्याल्यावरच कळायचे अशी अवस्था होते.

यावर उपाय म्हणून २०१२ साली मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट ही भाषा पुढे आणली. तिच्यात प्रत्येक नावाशेजारी त्याचा प्रकार लिहिता येतो, आणि कंपायलर म्हणजे तपासून भाषांतर करणारा कारकून, प्रकार जुळला नाही तर कार्यक्रम चालण्यापूर्वीच हरकत घेतो. पण तोवर साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या तयार साधनांचे, ज्यांना आम्ही लायब्ररी म्हणतो, डोंगर उभे राहिले होते. ती सारी नव्याने कोण लिहिणार? म्हणून त्यांच्यासाठी निराळ्या नोंदवह्या लिहिल्या गेल्या. त्यांत प्रत्यक्ष काम काहीच नसते; अमुक साधन काय घेते आणि काय परत देते, एवढ्याच नोंदी असतात. त्याच वर्षी ‘डेफिनिटलीटाइप्ड’ नावाचा सामायिक साठा सुरू झाला. जगभरच्या लोकांनी वेळ काढून त्यात हजारो लायब्रऱ्यांच्या नोंदी लिहिल्या आहेत.

आता आमचा प्रकल्प. आम्ही दोघे, मी आणि गोकाककडचा माझा खोलीसोबती. आमच्या पेडणे तालुक्यातल्या आणि माझे आजोळ असलेल्या डिचोली तालुक्यातल्या पाणवठ्यांचा नकाशा करायचा असे आम्ही ठरवले. हरमलचे गोड्या पाण्याचे तळे, मयेचा तलाव, हरवळ्याचा धबधबा आणि आजीला ठाऊक असलेल्या विहिरी व झरी, अशी चाळीस ठिकाणे आम्ही जमवली. सुटीत चोर्ल्याच्या घाटाने त्याला घरी नेले आणि दुचाकीवरून दोघांनी दोन्ही तालुके पालथे घातले. माझ्या आजीला कन्नड येत नाही आणि त्याचे मराठी बेळगावी. तरी झरीवर ती दोघे माझ्याहून जास्त बोलली.

नकाशासाठी ‘लीफलेट’ ही लायब्ररी निवडली. व्होलोदिमिर आगाफोंकिन या युक्रेनच्या गृहस्थांनी ती २०११ मध्ये प्रसिद्ध केली. हलकी आणि फुकट. पण माझा मित्र कोटलिन भाषेत तयार झालेला. सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटावरून नाव घेतलेली ही जेटब्रेन्स कंपनीची भाषा. २०१९ मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अग्रमान दिला, तेव्हापासून नोकरीच्या आशेने पुष्कळ विद्यार्थी ती शिकतात. कोटलिनचे जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करणारा कंपायलरही आहे. मात्र लीफलेटच्या नोंदी टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरसाठी लिहिलेल्या. कोटलिनच्या कंपायलरला त्या वाचता येत नाहीत. त्या उतरवण्यासाठी जेटब्रेन्सने ‘डुकाट’ नावाचे साधन काढले होते, परंतु ते प्रयोगाच्या पुढे गेले नाही आणि त्याचे काम थांबले. तेव्हा आम्ही कामाची वाटणी केली. नकाशा त्याने लिहायचा, आणि त्याला लागतील तेवढ्या नोंदी मी हाताने उतरवून द्यायच्या.

मला वाटले, हे काय, चार दिवसांचे काम! प्रत्यक्षात पहिल्याच पानावर अडलो. टाइपस्क्रिप्टमध्ये ‘आकडा’ असा एकच प्रकार, तर कोटलिनमध्ये पूर्णांक निराळा आणि दशांशाचा निराळा. कुठे कोणता, ते मूळ काम वाचूनच ठरवावे लागते. टाइपस्क्रिप्ट वस्तूचे गुण पाहते; हवे ते गुण अंगी असले की ती वस्तू चालते, मग तिचे नाव काही असो. कोटलिन नोंदलेले नाव पाहते. गुण सगळे असले तरी नाव नोंदीत नसेल तर दारातच अडवते.

सगळ्यांत मोठी अडचण ‘जागा’ या प्रकाराची. लीफलेटला नकाशावरची जागा तीन रीतींनी सांगता येते. एक, त्याच्या स्वतःच्या ‘लॅटलाँग’ या वस्तूने; दोन, अक्षांश इतका आणि रेखांश इतका असे नावे घालून; आणि तीन, नावांवाचून आकड्यांच्या नुसत्या जोडीने, आधी अक्षांश, मग रेखांश. टाइपस्क्रिप्टमध्ये मध्ये एकेक उभी रेघ ओढली की ‘यांपैकी कोणतेही’ असा अर्थ होतो. कोटलिनमध्ये ती रेघ नाही. तीन रीतींसाठी तीन नोंदी लिहाव्या लागल्या असत्या, आणि जिथे जिथे जागा येते तिथे तिथे त्या पुन्हा लिहाव्या लागल्या असत्या.

रात्रीचा एक वाजला होता. कोटलिनमध्ये ‘डायनॅमिक’ असा एक शब्द आहे. तो लिहिला की कंपायलर त्या नावाची चौकशीच करीत नाही. काहीही चालेल, असा त्याचा अर्थ. मी जागेच्या रकान्यात ‘डायनॅमिक’ लिहिले. मग शेजारच्याही रकान्यात लिहिले. अर्ध्या तासात वही संपली! कंपायलरने एकही हरकत घेतली नाही. मी मित्राला फाईल दिली आणि म्हणालो, “घे, सगळे बरोबर बसले आहे.”

त्याने विश्वासाने घेतली. हाताने लिहिलेल्या तीन ठिकाणांवर त्याने नकाशा तपासला. तो ठीक चालला. सादरीकरणाच्या आदल्या रात्री चाळीस ठिकाणांची पूर्ण फाईल जोडली. ती ‘जिओजेसन’ या पद्धतीची होती, आणि त्या पद्धतीत आधी रेखांश येतो, मग अक्षांश. लीफलेटच्या नेमके उलटे.

दुसऱ्या दिवशी सरांपुढे नकाशा उघडला. पेडणे दिसले, तेरेखोल दिसली, शापोरा दिसली; पाणवठा एकही नाही. मित्र गडबडून नकाशा लहान लहान करीत गेला. अखेर आमचे चाळीस पाणवठे सापडले ते नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात! पेडण्याचा अक्षांश सुमारे १५.७ आणि रेखांश ७३.८, ते उलटे वाचले गेल्यावर आजीची झर तिथे जाऊन पडली होती. वर्ग हसला. सरांनी विचारले, “हे कुणाचे काम?” चुकीची ओळ तर माझ्या मित्राच्या फायलीत दिसत होती. तो म्हणाला, “मी तपासायला हवे होते, सर.”

त्याच वेळी मला बोलता आले असते. मूळ नोंदीत जिओजेसनची जागा ही ‘कितीही आकड्यांची यादी’ म्हणून लिहिलेली आहे, आणि लीफलेटला हवे असतात नेमके दोन किंवा तीन आकडे. टाइपस्क्रिप्टचा कंपायलर त्या ओळीवर अडलाच असता. क्रम उलटा आहे हे त्याने सांगितले नसते, हे खरे. पण त्याने अडवल्यावर आम्ही त्या ओळीकडे पाहिले असते, आणि पाहिल्यावर क्रमही दिसला असता. तो अडवणारा कारकून मीच दारातून उठवून दिला होता. हे सगळे मला त्या क्षणी उमगले, आणि मी गप्प बसलो. सरांनी चतुर्थीनंतर पुन्हा या म्हणून सांगितले.

अशा मनाने मी घरी आलो होतो. रात्री आरत्या झाल्यावर बाबांनी मला आतल्या खोलीत बोलावले आणि पेटीतून एक कागद काढला. आमच्या शेताचा एक-चौदाचा उतारा.

पेडणे महाल १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला तो १९६१ पर्यंत त्यांच्याकडेच राहिला. त्यामुळे आमच्या घरातले जुने कागद पोर्तुगीज भाषेतले. गोवा मुक्त झाल्यावर १९६८ चा जमीन महसुलाचा कायदा आला, नवी मोजणी झाली आणि नमुना एक व चौदा सुरू झाला. त्यात जमिनीच्या प्रकारांचे रकाने आहेत: जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली. केर म्हणजे मधल्या पातळीची, रेताड, भातानंतर दुसरे पीक देऊ शकणारी. मोरड म्हणजे वरच्या अंगाची, पावसावर एकदाच पिकणारी.

“आपले दोन तुकडे,” बाबा म्हणाले. “वरचा मोरड, खालचा केर. मोजणीची माणसे आली तेव्हा ऊन कडक होते. आजोबा म्हणाले, दोन्ही शेतेच ना, मोरड लिहून टाका. क्षेत्र बरोबर, नावे बरोबर. रकाना तेवढा चुकला.”

पुढे वाटणीची वेळ आली. काका तेव्हा वास्कोला नोकरीत होते. त्यांना शेत ठाऊक होते ते कागदावरचे. कागदावर दोन्ही तुकडे सारखे, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. बाबांना खालचा आला, काकांना वरचा. पहिल्याच वर्षी भात काढल्यावर बाबांच्या शेतात अळसांदे उभे राहिले आणि काकांचे शेत कोरडे पडले. बाबांना हे माहीत होते आणि ते मुद्दाम बोलले नाहीत, असे काकांना वाटले. तीन चतुर्थ्या काका या घरात आले नाहीत. अखेर दोन्ही तुकडे अर्धे अर्धे करून घेतले, तेव्हा मिटले.

“तुम्हांला खरेच माहीत नव्हते?” मी विचारले.

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “शेत मला माहीत होते. चिठ्ठ्या टाकताना मी कागदाकडे पाहत बसलो.”

बाबांनी हे मला यापूर्वी कधी सांगितले नव्हते. मग मीही त्यांना समुद्रातल्या झरींची गोष्ट सांगितली. ते मला काही बोलले नाहीत, उतारा घडी घालून पेटीत ठेवला आणि एवढेच विचारले, “तुझा तो मित्र अजून तुझ्याशी बोलतो ना?”

बेळगावला परतल्यावर मी वही पुन्हा लिहायला घेतली. या वेळी अकरा दिवस लागले. प्रत्येक ‘डायनॅमिक’पाशी थांबून मूळ नोंद वाचली. जागेच्या तीन रीतींपैकी दोन उतरवल्या. तिसरी, आकड्यांची नुसती जोडी, मुद्दाम वगळली आणि ती का वगळली हे त्याच ठिकाणी लिहून ठेवले. रूपांतरात काही गळतेच. पण काय गाळले हे पुढच्याला कळले पाहिजे. तीन-चार ठिकाणी ‘डायनॅमिक’ ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तिथेही कारण लिहिले. नवी फाईल जोडताच कंपायलरने मित्राच्या त्या ओळीवर बोट ठेवले. त्याने अक्षांश आणि रेखांश नावानिशी लिहिले, आणि आजीची झर डिचोलीला परत आली.

दुसऱ्या सादरीकरणाच्या वेळी नकाशा उघडण्यापूर्वी मी सरांना सांगितले की मागची चूक माझ्या फायलीत होती आणि मी ती त्याच दिवशी ओळखली होती. सर म्हणाले, “ठीक आहे, नकाशा दाखवा.” मित्र मात्र त्या दिवशी वसतिगृहापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रात्री जेवताना त्याने स्वतःच्या ताटातली शेंगाचटणी माझ्या ताटात वाढली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

याच अंकाच्या कन्नड विभागात तू हे लिही, असे मी त्याला म्हटले होते. तो म्हणाला, “मी लिहीन ते तुझ्या आजीच्या झरीवर. चूक तुझी आहे; ती तू मराठीत लिही.”

म्हणून लिहिली.