१९५६ : जवाहर चौकातली टिपणे

१ नोव्हेंबर १९५६. राज्य पुनर्रचनेने देशात १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश झाले. भोपाळमध्ये पंडित रविशंकर शुक्लांनी नव्या मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. हे अख्खं टी. टी. नगर, त्यातला हा जवाहर चौक, त्या राजधानीच्या नोकरदारांसाठी वसलं.

•

भोपाळ तेव्हा सीहोर जिल्ह्यात. स्वतंत्र जिल्हा झाला १९७२ साली. म्हणजे राजधानी आधी, जिल्हा नंतर! जबलपूरला हायकोर्ट मिळालं, इंदूरला लोकसेवा आयोग, ग्वाल्हेरला महसूल मंडळ.

•

नागपूरचं काय? एका रात्रीत जुन्या मध्य प्रदेशची राजधानी तिथून गेली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. पुनर्रचनेचा आयोग, अहवाल, सीमा हे सगळं पुस्तकांत सापडतं. सचिवालयातले कारकून, टायपिस्ट, हेडक्लार्क सापडत नाहीत. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५व्या कलमाखाली नोकरांचीही वाटणी झाली. कोणाच्या वाट्याला मुंबई, कोणाच्या भोपाळ. माझ्या लेखी त्या वर्षाची ही मोठी घटना आहे.

•

नागपूरहून निघालं की इटारसी, नर्मदेचा पूल, बुधनीचा घाट, की आलं भोपाळ. क्वार्टरची ओळख इंग्रजी अक्षरावरून: एफ टाइप, जी टाइप, एच टाइप. अक्षरावरून पगार कळायचा. एका घरात वैदर्भी गोळाभात आणि ‘काय करून राहिले?’, शेजारच्या घरात ग्वाल्हेर-इंदूरकडची मराठी, कारण नव्या राज्यात विलीन झालेल्या मध्य भारत राज्याची कचेरीही इथेच आली. महाराष्ट्राबाहेर, एकाच गल्लीत दोन मराठी बोली अशा नांदल्या.

•

टी. टी. म्हणजे तात्या टोपे. येवल्याचे तात्या, १८५९ साली शिवपुरीला फाशी गेले. नाव फार चांगलं निवडलं.

•

१४ ऑक्टोबर. बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. नागपूर तेव्हा अजून मध्य प्रदेशचीच राजधानी होतं, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. ६ डिसेंबरला ते गेले. त्याच महिन्यात, ३१ तारखेला, शुक्लही गेले. नव्या राज्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

•

याच वर्षी: मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांचा अर्थमंत्रिपदाचा राजीनामा. ऑगस्टमध्ये तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी. सप्टेंबरपासून आयुर्विमा महामंडळ. मेलबर्नला पाकिस्तानला १-० हरवून हॉकीचं सुवर्ण.

•

स्मार्ट सिटीसाठी इथले जुने क्वार्टर पाडले, चौकापर्यंत रुंद रस्ता आला. रस्ता हवाच होता. पण पाडण्याआधी कोणत्या नंबरात कोण राहिलं, कुठून आलं, हे लिहून ठेवायला हवं होतं. १९५६ साली आईबापांचा हात धरून आलेली मुलं आज ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या ट्रंकांत बदलीचे हुकूम असतील, एलॉटमेंटचे कागद असतील. भोपाळच्या मराठी मंडळांनी येत्या १ नोव्हेंबरच्या आत ते गोळा करायला घ्यावेत.