एकच फटकारा

जलरंग मी शिकलो तो आपल्या मराठी चित्रकारांच्या वाटेने. सा. ल. हळदणकरांची दीप घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते चित्र जलरंगातले आहे हे सांगूनही पटत नाही. आधी फिका रंग, तो वाळला की गडद, आणि पांढरे हवे तेथे कागद कोरा. नदीकाठी बसून ओंकारेश्वराचे शिखर मी असेच थरांनी रंगवीत आलो.

गेल्या वर्षी वाचनालयात चिनी चित्रांचे पुस्तक मिळाले, आणि त्यातल्या बांबूने मला झपाटले. १९३९-४० साली शू बेइहोंग हा चिनी चित्रकार शांतिनिकेतनात राहिला होता. त्याच कलाभवनात आपले कोल्हापूरचे विनायक मासोजी शिकले, पुढे शिकवूही लागले. म्हणजे ही कला आपल्याला अगदीच परकी नव्हे!

पद्धत मात्र उलटी. सहाणेवर चंदन उगाळावे तशी शाईची कांडी दगडावर उगाळायची. कुंचला उभा धरायचा. कागद शाई पिऊन टाकतो, त्यामुळे पुसणे नाही की दुसरा थर नाही. बांबूचे एक पेर म्हणजे एक फटकारा; टोकाशी क्षणभर थांबायचे, उचलायचे, की पुढचे पेर. उरलेली कोरी जागा म्हणजेच धुके.

शनिवार पेठेतल्या आमच्या खोलीत रात्री माझी ही खटपट चाले. अण्णा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या; फ्लेक्स आले आणि कामे आटली. एके रात्री ते मागे येऊन उभे राहिले.

"मनगट कशाला आखडतोस? खांद्यातून ओढ."

त्यांनी कुंचला घेतला आणि एक पेर ओढले, 'श'ची काना ओढावी तसे. पुस्तकातल्यासारखे ते सरळ, ताठ उतरले.

चीनमध्ये अक्षर आणि चित्र एकाच कुंचल्याचे मानतात, आणि तो कुंचला विद्वानाच्या हाती शोभे. आमच्या घरी तो हात होता. पेठ त्याला 'पेंटर' म्हणत आली.

यंदा शिष्यवृत्तीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'अक्षरकार' लिहिले. कारकुनांनी चष्म्यावरून पाहिले. "म्हणजे काय करतात?"

"पाट्या रंगवतात," मी म्हणालो. शब्द मात्र खोडू दिला नाही.

(द्वितीय वर्ष, कला)