लोहे की पढाई

"खाला, मटेरियल सायन्सला मराठीत काय म्हणतात?" भाच्यानं विचारलं तेव्हा मी भाकरी थापत होते. उर्दू शाळेत मराठी शिकवते म्हटल्यावर असले प्रश्न माझ्याकडेच येतात. मी म्हणाले, "पदार्थविज्ञान." त्याची अम्मी, म्हणजे माझी आपा, शेजारी कांदा चिरत होती. तिनं मान वर केली. "पदार्थ? मतलब बावर्ची बनेगा तू?" शिवाय जुन्या मराठी पुस्तकांत पदार्थविज्ञान म्हणजे फिजिक्स, तेही जुळेना. मग उर्दू शब्द आठवला, 'मवाद'. मवाद म्हणजे सामग्री हे खरं, पण आपल्या घरात मवाद म्हणजे फोडातला पू! तिघंही पोट धरून हसलो.

हसणं थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "मुझे इसमें एम.टेक. करना है, खाला. नोकरी छोडे बगैर."

आपा पुन्हा कांद्याकडे वळली. दुल्हाभाई गेल्यापासून घर याच्याच पगारावर चालतं. धाकटीचं लग्न व्हायचंय.

मला मात्र वेगळंच आठवलं. पाच वर्षांपूर्वी चांदवडलाच मेकॅनिकलची डिग्री पूर्ण करून तो माझ्याकडे आला होता, पुढे शिकू का हे विचारायला. मी म्हणाले होते, "बेटा, अब बस. नोकरी पकड." हे सांगणारी मी कोण? शाळेत नोकरी करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलेली, मुलं झोपल्यावर स्वाध्याय लिहीत बसणारी. नोकरी करून शिकता येतं हे मला पक्कं माहीत होतं. तरी घराचा हिशेब मांडताना त्याची पढाई मी खर्चाच्या रकान्यात टाकली.

तो रोज नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जायचा, जायलाच सत्तरेक किलोमीटर. काम हीट ट्रीटमेंटचं. एकदा गिअरचा अख्खा लॉट तडे जाऊन परत आला. दोष शिफ्टच्या पोरांवर आला. पण तडे का गेले हे कुणालाच सांगता येईना. किती डिग्री, किती मिनिटं, हे सगळ्यांना पाठ होतं. 'का' हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या 'का'साठी त्याला शिकायचं होतं.

मला त्यानं समजावलं ते असं. पोलाद साधारण ९०० अंशांपर्यंत तापवतात आणि एकदम तेलात बुडवतात. आतल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो. त्यामुळे पोलाद खूप कठीण होतं, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा १५०-२०० अंशांवर तापवून ठेवतात. थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो. त्या कठीण रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, अडॉल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. मीही माझ्याकडचं दिलं : मराठीतलं 'पोलाद' फारसीतून आलंय. नवव्या शतकात अल-किंदीनं तलवारींच्या पोलादावर रिसाला लिहिला होता. आणि आपल्या चांदवडला होळकरांच्या काळी टांकसाळ होती, म्हणजे धातू वितळवणं या गावाला नवं नाही. तो खूश झाला.

सुरुवात फुकटात झाली. आयआयटींचे एनपीटीईएलवरचे कोर्स बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तरच हजार रुपये. एसटीत बसून तो लेक्चर ऐकायचा. रमजानमध्ये सेहरीनंतर झोपायच्या ऐवजी गणितं सोडवायचा. मग 'गेट' दिली. इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात मटेरियल सायन्स हा विभाग निवडता येतो.

निकाल आला आणि खरा पेच पडला. पूर्णवेळ एम.टेक. केलं तर दोन वर्षं महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड, पण नोकरी सोडायची. पार्ट-टाइम केलं तर पगार चालू, पण स्टायपेंड नाही, दोनाची तीन वर्षं, आणि कंपनीचं ना हरकत पत्र हवं. १२,४०० मध्ये आपाचं घर चालणार नव्हतं. त्यानं भोसरीत नोकरी बघितली आणि पुण्यातच पार्ट-टाइमला प्रवेश घेतला. पहिल्या फीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा आपा कुणाकडे मागायला तयार होईना. मी तिला एवढंच म्हणाले, धाकटीच्या लग्नासाठी मागताना आपण लाजणार नाही, मग यासाठी का लाजायचं? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच फोन केले.

पहिल्या सेमिस्टरला थर्मोडायनॅमिक्स राहिलं. रात्रपाळी करून आल्यावर डोळे मिटायचे, म्हणाला. फोनवर त्याचा आवाज पडला होता. मी त्याला सी. व्ही. रामन यांची गोष्ट सांगितली. १९०७ पासून दहा वर्षं ते सरकारी अर्थखात्यात नोकरी करत होते आणि ऑफिसच्या आधी नि नंतर कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तो म्हणाला, "खाला, आमच्या लॅबमध्ये रामन स्पेक्ट्रोस्कोपी आहे." मग थोडं थांबून, "पण रामनना रात्रपाळी नव्हती." मला उत्तर सुचलं नाही. खरंच होतं ते.

थोरामोठ्यांच्या गोष्टींनी थकवा जात नाही. नोकरी करून शिकणाऱ्याला घरातून दोन तास शांतता लागते आणि एखादा विषय राहिला तर 'छोड दे' न म्हणणारं माणूस लागतं. पाच वर्षांपूर्वी मी ते माणूस नव्हते. आता होतेय. एका वहीत मी तीन रकाने आखलेत : इंग्रजी, मराठी, उर्दू. तो शब्द पाठवतो, मी अर्थ लिहिते. चाळीसेक पानं झालीत.

राहिलेला पेपर डिसेंबरात आहे, दुआ करा. मुलगा काय शिकतो असं शेजारणींनी विचारलं की आपा आता बिनदिक्कत सांगते, "लोहे की पढाई कर रहा है." माझ्या पदार्थविज्ञानापेक्षा ते बरंच बरं आहे.