सहा मुक्कामांचं अंतर



गेल्या महिन्यात परिपाठाच्या वेळी गुरुजींनी सामान्य ज्ञानाचा प्रश्न विचारला, "प्रकाशवर्ष म्हणजे काय?" मी लगेच हात वर केला आणि मोठ्याने सांगितले, "खूप मोठे वर्ष!" सगळी शाळा हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "वर्ष नव्हे, ते अंतर आहे. कसं ते समजून घे आणि भित्तिपत्रकात लिही." दोन दिवस मुली मला 'मोठं वर्ष' म्हणूनच हाक मारत होत्या. मला राग आला होता, कारण मला ते पटलेलेच नव्हते. नावात वर्ष आहे, मग अंतर कुठून आले?

माझे आई-आबा दसरा झाल्यावर ऊसतोडीला गेले. यंदा मलाही न्यायचे ठरले होते. आजी आडवी पडली. "पोरीची सातवी हाय, दोघा भावंडांना मी सांभाळते," म्हणाली. म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ आजीजवळ राहिलो. भाऊ रोज रात्री एकच विचारतो, "आजे, आई किती लांब हाय?" आजी म्हणते, "सहा मुक्काम." आजी तरुणपणी बैलगाडीने त्याच कारखान्यावर जायची. दिवसभर गाडी चालायची आणि रात्री बैल सोडायचे, तो एक मुक्काम.

त्या रात्री मी आजीला म्हटले, "आजे, सहा मुक्काम म्हणजे सहा दिवस झाले. त्याने लांब विचारलंय, दिवस नाही विचारले." आजी म्हणाली, "अगं, सहा दिस गाडी चालल्यावर जेवढी वाट सरती, तेवढं लांब. वाट काय फूटपट्टीनं मोजावी?"

मी अंथरुणातच उठून बसले. प्रकाशवर्ष म्हणजे हेच! प्रकाश एक वर्ष चालला की जेवढी वाट सरते तेवढे अंतर.

पण सकाळी दुसरीच पंचाईत झाली. आईचा फोन आला, तेव्हा भावाने तिलाही तेच विचारले. आई म्हणाली, "लई लांब नाही रं, एका रात्रीचं." आता आजीचे सहा मुक्काम खरे की आईची एक रात्र? दोन्ही खरे. आजी बैलगाडीने गेली, आई आबांच्या ट्रॅक्टरने गेली. कारखाना तिथेच आहे, आमच्या गावापासून १८० किलोमीटर. गाडी बदलली की मुक्कामाचा हिशेब बदलतो.

गुरुजींना मी हे सांगितले तेव्हा ते खूश झाले. प्रकाशाचे तसे नाही, असे ते म्हणाले. मोकळ्या अवकाशात त्याचा वेग कधी बदलत नाही. एका सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ तीन लाख. म्हणून त्याचा मुक्काम सगळ्या जगाला सारखाच. एका वर्षात तो सुमारे ९,४६,००० कोटी किलोमीटर जातो. एवढा आकडा वहीच्या ओळीत मावत नाही, म्हणून 'एक प्रकाशवर्ष' म्हणायचे. चंद्रापासून प्रकाश सव्वा सेकंदात येतो. सूर्यापासून यायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात. आपला सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे. या अंतराला खगोलशास्त्रज्ञ 'खगोलीय एकक' म्हणतात आणि ग्रहांची अंतरे त्यात सांगतात.

पण ताऱ्यापर्यंत कोणी गेलेले नाही, मग अंतर कळले कसे? हे गुरुजींनी आम्हाला मैदानावर दाखवले. व्हरांड्याच्या एका टोकाला उभे राहिले की झेंड्याचा खांब डोंगरावरच्या देवळाच्या डावीकडे दिसतो. दुसऱ्या टोकाला गेलो की तोच खांब देवळाच्या उजवीकडे! खांब हलला नाही, आपण हललो. तुम्हीही जाऊन बघा. खांब जवळचा म्हणून खूप सरकतो. त्याच्या पलीकडचा लिंब थोडासाच सरकतो. जितके सरकणे कमी तितकी वस्तू लांब. आपण किती चाललो आणि वस्तू किती सरकली हे मोजले, की अंतराचे गणित सुटते. या सरकण्याला 'पराशय' म्हणतात.

ताऱ्यांसाठी शाळेचा व्हरांडा पुरत नाही. सगळी पृथ्वीसुद्धा पुरत नाही. मग शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या फेरीचाच व्हरांडा केला. आज तारा बघायचा, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचा. तेवढ्यात पृथ्वी सूर्याच्या पलीकडे, ३० कोटी किलोमीटर गेलेली असते. (हे ऐकून मला गंमत वाटली. आपण गावाबाहेर गेलो नाही तरी तेवढे फिरतो.) तरीही तारा इतका थोडा सरकतो, की पुष्कळ वर्षे कुणाला ते मोजता आले नाही. १८३८ साली बेसेल नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचे सरकणे मोजले. तो तारा सुमारे ११ प्रकाशवर्षे दूर आहे. अडीच सेंटिमीटरचे नाणे सुमारे १८ किलोमीटरवरून केवढे दिसेल, तेवढा त्याचा पराशय. बेसेलचे डोळे दुखले असतील.

या पद्धतीवरूनच 'पार्सेक' हे माप निघाले. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे. २०१३ साली युरोपने पाठवलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांचे पराशय मोजले. फारच दूरच्या वस्तूंना मात्र हेही चालत नाही. तिथे तारा मुळात किती तेजस्वी आहे ते ओळखतात आणि दिसतो किती मंद, त्यावरून अंतर काढतात. ट्रॅक्टरचा दिवा मिणमिणता दिसला की तो अजून लांब आहे हे आपण ओळखतो, तसेच. देवयानी दीर्घिका अशीच मोजली, ती २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे.

मला त्यापेक्षा व्याध जास्त आवडला. सध्या जेवणानंतर अंगणात आले की पूर्वेकडे तिकांडं दिसतं, त्याच्या रेषेत खाली जो सगळ्यात झगझगीत तारा आहे तो व्याध. तो ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आज दिसतो तो उजेड निघाला तेव्हा मी साडेतीन वर्षांची होते आणि कारखान्यावर कोपीपुढे पाचटात खेळत होते. आईला विचारून खात्री केली. त्याच वर्षी पाचटाने माझा गाल कापला होता, खूण अजून आहे.

रविवारी आबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना व्याध सांगितला. आबा म्हणाले, "त्याला आम्ही रोज बघतो की. रातचा ऊस भरताना तो डोक्यावरनं कलला, की समजायचं आता उजाडायला लई वेळ नाही." मग थोडे थांबून म्हणाले, "आपल्या ट्रॅक्टरनं किती दिस लागतील गं तिथं जायाला?"

मी हिशेब करून ठेवलाच होता. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर, रात्रंदिवस न थांबता चालला, तर सुमारे ४६ कोटी वर्षे. आबा खूप वेळ हसत होते. तोडीला गेल्यापासून ते फोनवर असे हसलेले मी पहिल्यांदाच ऐकले. मग म्हणाले, "पोरी, एवढ्या सालांची उचल कोणता मुकादम देईल?"

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी